घराची खातेवही : प्रस्तावना

पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या एका लहान गावाची घरोघर पाहणी केली. कुणाची जमीन किती, तिचे तुकडे किती, गोठ्यात बैल किती, वर्षाला खायला-ल्यायला काय लागतं आणि डोक्यावर देणं किती, हे सगळं त्यांनी आणि त्यांच्या मराठी सहकाऱ्यांनी लिहून काढलं. 1917 साली ते पुस्तकरूपाने आलं. 1771 मध्ये त्या गावात एका खातेदाराकडे सरासरी 40 एकर जमीन होती, 1915 च्या आसपास ती 7 एकरांवर आली होती. पाहणीतल्या 103 कुटुंबांपैकी निव्वळ स्वतःच्या शेतीवर तरून जातील अशी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. काही घरं बाहेर मजुरी करून तोंडमिळवणी करत होती आणि बाकीची तुटीत होती.

ते गाव म्हणजे पिंपळे सौदागर. आज तिथे शेत शोधावं लागेल. पवनेच्या काठावर इमारतींची रांग उभी आहे, सकाळी हिंजवडीच्या बाजूला गाड्या वाहतात आणि मान यांच्या यादीतल्या सातबाऱ्यांच्या जागी वीस-वीस वर्षांचे गृहकर्जाचे करार आलेले आहेत. त्या काळच्या कुणब्याचं देणं बैलासाठी, लग्नासाठी, एखाद्या कोरड्या सालासाठी असे. आताचं देणं दोन खोल्यांच्या घरासाठी, गाडीसाठी, मुलाच्या प्रवेशासाठी असतं. माणसं वेगळी, रकमा वेगळ्या, कागदही वेगळे. पण रात्री जेवणं आटोपल्यावर घरात होणारं बोलणं फारसं बदललेलं नाही: एवढं झेपेल का, कुणाकडून आणायचं, आणि आहे ते मोडायचं की ठेवायचं.

या पुस्तकाचा विषय ते बोलणं आहे. सामान्य घर पैसा कसा राखतं, कर्ज कुणाकडून काढतं आणि ते ठरवतं कोण, याचा हा अभ्यास. पाठ्यपुस्तकातलं कुटुंब एकट्या माणसासारखं वागतं. त्याला मिळकत असते, पुढची दृष्टी असते आणि व्याजाचा दर पाहून ते शांतपणे ठरवतं. प्रत्यक्षातलं घर व्याजाचा दर सगळ्यात शेवटी पाहतं. त्याआधी ते पाहतं की पैसा नेमका कोणत्या दिवशी हातात पडेल, तो मिळवायला कुणापुढे तोंड उघडावं लागेल आणि घरातल्या कुणाकुणाला ते कळेल. लोकांना पैशातलं कळत नाही, त्यांना आर्थिक साक्षर केलं पाहिजे, असं गेली काही वर्षं आपण सतत ऐकतो. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. ज्यांना अडाणी समजून शिकवायला जातात त्यांच्यातल्या कितीतरी बायका शेकडा दोनचं व्याज तोंडी काढतात आणि बारा जणींच्या भिशीचा हिशोब वहीशिवाय सांभाळतात. त्यांचे निर्णय आपल्याला चुकीचे वाटतात, कारण ते ज्या प्रश्नांची उत्तरं असतात ते प्रश्न आपण विचारलेलेच नसतात.

पहिला प्रश्न दिवसांचा. कोरडवाहू भागातल्या घराचं वर्ष डोळ्यांपुढे आणा. जूनमध्ये बियाणं, खत, नांगरटीचं भाडं, मुलांच्या वह्या-पुस्तकं आणि गळक्या पत्र्याची डागडुजी हे सगळं पंधरा-वीस दिवसांत येऊन आदळतं. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीकडे येणार, कपाशीचा वेचणीप्रमाणे हप्त्याहप्त्याने, तुरीचा त्याहून उशिरा. मधले चार-पाच महिने घर उधारीवर चालतं. कृषी सेवा केंद्राचा दुकानदार बियाणं-खत वहीवर देतो आणि पीक आलं की पैसे घेतो. उधारीचा भाव पुष्कळदा रोखीच्या भावापेक्षा चढा असतो. तो फरक म्हणजे व्याजच, पण त्याला कुणी व्याज म्हणत नाही, म्हणून तो कोणत्याही पाहणीत कर्ज म्हणून लागत नाही.

मग मार्चअखेर येते. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला व्याज जवळजवळ शून्य पडतं. मात्र मुदत पाळली पाहिजे. तूर घरात पडून आहे, भाव पडलेला आहे, रोकड नाही. अशा वेळी शेतकरी जे करतो त्याला गावोगाव ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. ओळखीच्या माणसाकडून आठ-पंधरा दिवसांसाठी पैसे उचलायचे, बँकेचं जुनं कर्ज भरायचं, नवं मंजूर झालं की त्यातून त्या माणसाचे फेडायचे. समजा एक लाख उचलले आणि त्याने शेकडा पाचच्या दराने अख्ख्या महिन्याचं व्याज घेतलं, तर 5,000 रुपये गेले. बाहेरून पाहणारा म्हणेल, बिनव्याजी कर्जासाठी सावकाराच्या दारात जाणं हा वेडेपणा आहे. आकडा मांडून पाहा. वर्षभर वापरलेल्या एक लाखाला 5,000 पडले, म्हणजे सालाला पाच टक्के. याहून स्वस्त पैसा त्या शेतकऱ्याला दुसरीकडे कुठेही मिळत नाही. हिशोब त्याचाच बरोबर आहे.

चूक आहे ती तारखेत. ज्याचं पीक वेगवेगळ्या महिन्यांत विकलं जातं त्याला एकाच ठरावीक मुदतीला बांधलं की कर्ज फिटल्याचं कागदावर दिसतं आणि प्रत्यक्षात ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. मधल्या पंधरा दिवसांच्या धंद्यावर एक वेगळाच वर्ग पोसला जातो. पीककर्जाची मुदत त्या-त्या पिकाच्या विक्रीच्या हंगामाला जोडायला हवी, असं माझं ठाम मत आहे. कर्जमाफीच्या घोषणांवर होणाऱ्या चर्चेचा दहावा हिस्सा जरी या एका गोष्टीवर झाला असता तरी शेतकरी घरांचं अधिक भलं झालं असतं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2019 च्या फेरीत देशातली 50.2 टक्के शेतकरी कुटुंबं कर्जदार आढळली आणि दर कुटुंबामागे सरासरी देणं 74,121 रुपये निघालं. हा आकडा कितीही वेळा सांगितला तरी त्यातून हे कळत नाही की त्यातलं कोणतं कर्ज शेत चालवतं आणि कोणतं घर बुडवतं.

शहरातल्या गरीब घराकडे वळलं की दिवसांचा प्रश्न आणखी बारीक होतो. 1921-22 साली मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने गिरणगावातल्या आणि इतर कष्टकरी कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांनी तिचा अहवाल लिहिला. 47 टक्के कुटुंबं कर्जात होती, देणं साधारण अडीच महिन्यांच्या कमाईइतकं होतं आणि रूढ दर रुपयाला दरमहा एक आणा होता. वर्षाचा दर झाला 75 टक्के. आता आजच्या कोणत्याही भाजीबाजारात चालणारं रोजवसुलीचं कर्ज पाहा. दहा हजार मागितले की हातावर नऊ हजार ठेवतात आणि रोज शंभर रुपये, शंभर दिवस. ऐकायला ते दहा टक्के वाटतं. पण मुद्दल रोज कमी होत जातं, त्यामुळे सरासरी चार-साडेचार हजारच कर्ज घेणाऱ्याच्या हाताशी राहतात आणि मुदतही तीन महिन्यांच्या थोडी वर. वर्षाचा दर काढला तर तो पाऊणशे टक्क्यांच्या पुढेच जातो. शंभर वर्षांत बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, जनधन खाती निघाली, मोबाइलवर पैसे फिरू लागले, आणि शहरातल्या सगळ्यात हातावर पोट असलेल्या माणसाला पडणारा दर जिथे होता तिथेच आहे.

तरी भाजीवाली तो का स्वीकारते? तिला पहाटे मार्केट यार्डात माल उचलायला रोख लागते. तो माल संध्याकाळपर्यंत विकला जातो, भांडवल रोज फिरतं. शंभर दिवसांच्या हजार रुपयांचे रोजचे दहा रुपये झाले. त्या भांडवलावर ती त्याच्या कितीतरी पट कमावते. वसुलीवाला गाड्यापाशी येतो, कागद मागत नाही, एखादा दिवस चुकला तर बडबड करतो पण दुसऱ्या दिवशी घेतो. बँकेत जायचं तर धंद्याचा दिवस बुडतो. म्हणजे धंद्यासाठी हे कर्ज महाग असलं तरी पेलण्याजोगं आहे. तेच कर्ज नवऱ्याच्या दवाखान्यासाठी काढलं तर मात्र सर्वनाश, कारण दवाखान्यात घातलेला पैसा संध्याकाळी परत येत नाही. दर एकच, देणारा एकच, पण एका कारणाने घर चालतं आणि दुसऱ्याने कोसळतं. 2020 साली सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेने फेरीवाल्यांना पहिलं दहा हजारांचं कर्ज व्याजसवलतीने देऊ केलं, ते याच गरजेवर बोट ठेवून. आजारपणासाठी असं स्वस्त आणि तातडीचं कर्ज अजून कुणी दिलेलं नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे गरीब घरांच्या कर्जातला सगळ्यात मोठा खड्डा तोच आहे.

सावकारीचा इतिहास इथे थोडक्यात सांगतो, पुढे त्याला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1860 नंतर कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडला, युद्ध संपताच भाव कोसळला आणि कर्ज मागे उरलं. दर तीन वर्षांनी रोखा नवा करायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात घालायचं, अशी रीत पडली होती. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले ते मुख्यतः हे रोखे मिळवून जाळण्यासाठी. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना रोख्यावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. ज्याच्यावर सही केली ते वाचता न येणं, ही त्या वेळची खरी गुलामी होती. आज मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपवर शिकलेली मुलं अटी न वाचता ‘मान्य आहे’ दाबतात तेव्हा मला ते रोखे आठवतात.

पुढे 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. अर्धशतकानंतर, 1951-52 च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत, ज्या समितीत धनंजयराव गाडगीळ होते तिने दाखवून दिलं की ग्रामीण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा 3.1 टक्के आहे आणि व्यापारी बँकांचा 0.9. 2019 पर्यंत संस्थात्मक कर्जाचा वाटा खेड्यांत सुमारे दोन-तृतीयांशांवर गेला. ही मोठी वाटचाल आहे, तिला कमी लेखू नये. पण हे मोजमाप रकमेचं आहे. घर वर्षातून किती वेळा हात पसरतं हे मोजलं तर शेजारीण, मेहुणा, किराणा दुकानदार आणि मुकादम आजही बँकेच्या पुढे निघतील.

बचतीबद्दल एक गोष्ट नवख्या अभ्यासकाला हमखास चकवते. एकाच घरात कर्जही असतं आणि शिल्लकही. सूक्ष्म वित्त कंपनीच्या गटाचा हप्ता भरायला बाई उसने घेते आणि त्याच महिन्यात भिशीचे दोन हजार वेगळे काढते. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ या पुस्तकात बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून अधिक गरीब घरांच्या वर्षभराच्या पैशांच्या नोंदी आहेत. त्यातल्या एकाही घराचं चारपेक्षा कमी आर्थिक साधनांवर भागत नव्हतं. हातावर पोट असणाऱ्याला बचत करताच येत नाही हा समज त्या नोंदींनी कायमचा निकालात काढला.

भिशी घ्या. बारा जणी, महिन्याला दोन-दोन हजार, दरमहा चिठ्ठी काढून एकीला चोवीस हजार. पहिल्या महिन्यात जिला लागली तिला बिनव्याजी कर्ज मिळालं. शेवटच्या महिन्यात जिला लागली तिने वर्षभर बिनव्याजी बचत केली. निव्वळ व्याजाच्या हिशोबाने शेवटची बुडाली, तिने बँकेत आवर्ती ठेव ठेवली असती तर चार पैसे जास्त मिळाले असते. तरी ती पुढच्या वर्षी पुन्हा भिशीत असते. कारण बँकेचा हप्ता चुकला तर कुणी विचारत नाही, भिशीचा चुकला तर अकरा जणी विचारतात. शिवाय भिशीत गेलेला पैसा मागायला आलेल्या दिराला ‘नाहीत’ असं खरं सांगता येतं. खात्यावर पडलेला पैसा नातेवाइकांपासून वाचवणं कठीण असतं, आणि नाही म्हणण्याची किंमत संसारात फार मोठी असते.

पिग्मीचंही तेच. 1928 साली उडुपीत डॉ. टी. एम. ए. पै यांच्या बँकेने रोज दोन आण्यांपासून दारात येऊन ठेव गोळा करायला सुरुवात केली. ती पद्धत पुढे कोल्हापूर-सांगलीपासून महाराष्ट्रभरच्या पतसंस्थांनी उचलली. पिग्मीवर व्याज कमी मिळतं, मुदतीआधी मोडली तर पुष्कळ ठिकाणी उलट कपात होते. तरी पानटपरीवाला रोज पन्नास रुपये देतो, कारण ते संध्याकाळी गल्ल्यात राहिले तर रात्री उरणार नाहीत हे त्याला ठाऊक असतं. घरातल्या पैशाला नावं असतात: हे फीचे, हे दिवाळीचे, हे आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचे. नाव दिलेला पैसा माणूस सहसा मोडत नाही. दुसरीकडून चढ्या दराने उचलतो, पण तो मोडत नाही. एकदा मोडला की तो पुन्हा साठणार नाही, आणि कर्ज मात्र कुणीतरी वसूल करून घेईलच, हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं.

सोन्याबद्दल लिहिताना आपले अर्थतज्ज्ञ जरा चिडतात. पैसा कपाटात पडून राहतो, घडणावळ जाते, मोडताना घट धरतात, हे सगळं खरं. रिझर्व्ह बँकेच्या तरुण रामदोराय समितीने 2017 साली दाखवलं की सरासरी भारतीय घराच्या संपत्तीत 84 टक्के वाटा घर-जमीन आणि इतर वस्तूंचा, 11 टक्के सोन्याचा आणि जेमतेम 5 टक्के ठेवी, विमा, समभाग यांचा आहे. पण सोनं अर्ध्या तासात तारण ठेवता येतं, त्यासाठी पगाराची चिठ्ठी लागत नाही, जामीनदार लागत नाही. जमीन विकायला वर्ष जातं आणि गावभर बोभाटा होतो. पाटल्या बँकेत ठेवल्याचं शेजाऱ्यालाही कळत नाही.

घरातला सगळ्यात अवघड प्रश्न मात्र याच पाटल्यांशी येऊन थांबतो: त्या कुणाच्या? कायद्याने स्त्रीधन बाईचं. व्यवहारात अडचण आली की पहिल्यांदा तेच निघतं, शेवटी सुटतं, आणि कधी सुटतच नाही. मान यांच्या तक्त्यांत कुटुंबाचं एक देणं आहे, एक मिळकत आहे. त्या देण्यासाठी कुणी होकार दिला आणि ते कुणाच्या अंगावर फिटलं, हे तक्त्यात दिसत नाही.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांकडे पाहिलं की हे झाकून राहत नाही. तिथे मजुरी मोजायचं माप ‘कोयता’ आहे, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामाच्या आधी मुकादम कोयत्यामागे उचल देतो. त्या रकमेतून जुनं देणं, घरातलं लग्न, पावसाळ्यातला किराणा भागतो. मग दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातं आणि टनाच्या भावाने ती उचल फेडत राहतं. हंगाम संपताना फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर जाते. पैसे बहुधा पुरुष मोजून घेतो. फेड दोघांच्या अंगमेहनतीने होते, आणि पहाटे उठून स्वयंपाक, पाणी, लेकरं सांभाळून मग फडात जाणाऱ्या बाईच्या वाट्याला त्यातली जास्त येते. तिने सही केलेली नसते. दुखणं आलं म्हणून ती थांबली तर जोडी मोडते आणि खाडा धरला जातो. या भागातल्या कितीतरी तरुण बायकांनी गर्भाशय काढून टाकल्याची गोष्ट 2019 मध्ये विधिमंडळात गाजली, ती आरोग्याची बातमी म्हणून छापली गेली. मला ती कर्जाचीही बातमी वाटते. ज्या कर्जात फेडणाऱ्याचा होकार विचारलेला नाही, ते कितीही कमी दराचं असलं तरी अन्यायाचं आहे.

या बाजूने पाहिलं म्हणजे बचत गटांचं मोल कळतं. 1975 साली मुंबईत प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या, सावकाराच्या आणि वाण्याच्या उधारीत अडकलेल्या बायकांसाठी. 1992 मध्ये नाबार्डने बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रात ‘माविम’ आणि ‘उमेद’ या सरकारी यंत्रणांनी ते जाळं गावोगाव नेलं. दहा-वीस जणी, ठरलेल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, आपसात कर्ज. व्याज पुष्कळ गटांत शेकडा दोन असतं, म्हणजे वर्षाला 24 टक्के. बँकेच्या मानाने ते चढंच. पण ते व्याज गटातच राहतं आणि वर्षअखेरीला त्याच बायकांमध्ये वाटलं जातं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कर्ज कशासाठी हवं, हे बाईला दहा जणींपुढे स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं. नवऱ्याच्या गाडीच्या हप्त्यासाठी आलेली मागणी तिथे सहज ओळखू येते. माणदेशात म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने 1997 मध्ये बायकांची सहकारी बँक उभी राहिली. संस्थापक सभासद निरक्षर आहेत म्हणून आधी परवाना नाकारला गेला होता. त्या बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे व्याजाची गणितं तोंडी सोडवायला तयार होऊन पुन्हा गेल्या.

गटांचीही एक काळी बाजू आहे. कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी ‘गट’ हाच शब्द आणि तीच रचना उचलली, पण त्यात बचत ठेवली नाही, फक्त वसुली ठेवली. एकीचा हप्ता राहिला की बाकीच्यांनी तिच्या दारात बसायचं. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये नियम केला की तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून त्याच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. निम्मं! ज्या घराची सगळी मिळकत खाण्यापिण्यात जाते त्याच्यासाठी ही मर्यादाच मुळात फार सैल आहे.

मध्यमवर्गीय घराबद्दल मी पुस्तकात मुद्दाम कमी लिहिलं आहे, त्याला सल्ला देणारे पुष्कळ आहेत. एकच हिशोब इथे देतो, कारण तो फार थोड्यांना कुणी करून दाखवलेला असतो. 40 लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के दर, 20 वर्षं. हप्ता सुमारे 34,700 रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले 28,333 रुपये व्याजात जातात, मुद्दल साडेसहा हजारांनीही कमी होत नाही. वीस वर्षांत बँकेकडे एकूण 83 लाखांच्या वर जमा होतात. हेच कर्ज 15 वर्षांचं घेतलं तर हप्ता सुमारे 39,400 होतो आणि एकूण फेड 71 लाखांच्या आत राहते. महिन्याला पावणेपाच हजार जास्त भरले की बारा लाखांहून अधिक वाचतात. घर घेताना मजला, दिशा आणि पार्किंग यांवर महिनाभर चर्चा करणारी माणसं मुदतीचा रकाना मात्र कर्ज विभागातला माणूस भरेल तसा भरू देतात.

विश्वासाबद्दल लिहिल्याशिवाय हे पुढे नेता येणार नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना सुरुवातीला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते. त्या वेळी बँकठेवींवरचं विमासंरक्षण एक लाखाचं होतं. 4 फेब्रुवारी 2020 पासून ते पाच लाखांचं झालं. हे संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. गावातली पतसंस्था ओळखीच्या माणसांची असते, इमारत बँकेसारखी असते, पासबुकही तसंच असतं, व्याज एक-दीड टक्का जास्त असतं. निवृत्तीचे पैसे तिथे ठेवताना हा फरक ठेवीदाराला त्याच वेळी, त्याच खिडकीवर, मोठ्या अक्षरांत दिसायला हवा. प्रामाणिकपणे चाललेल्या पतसंस्थांनी यात पुढाकार घ्यावा असं मला मनापासून वाटतं. बुडालेल्या एका संस्थेची किंमत शेजारच्या दहा चांगल्या संस्था मोजतात.

पुढच्या प्रकरणांत काय नाही तेही सांगतो. कोणता फंड घ्यावा, सोनं आता घ्यावं की थांबावं, याची उत्तरं इथे नाहीत. कर्ज काढणाऱ्याला दोष देणारं एकही पान नाही, आणि कर्ज घेऊ नका असा उपदेशही नाही. लग्नासाठी कर्ज काढणाऱ्या बापाला उधळ्या म्हणणं सोपं आहे. पण गावात ज्याच्या लग्नाला शे-दोनशे माणसं येतात त्यालाच अडीअडचणीला शेकडा दोनने पैसे मिळतात, हे लक्षात घेतलं की त्या खर्चाचा एक हिस्सा पुढची पत राखण्यासाठी केलेला दिसतो. बाकीचा हिस्सा दिखाऊ असतो, तो मला मान्य नाही, आणि तेही मी त्या प्रकरणात स्पष्ट लिहिलं आहे.

वाचकाला एक विनंती आहे. पहिलं प्रकरण उघडण्याआधी एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या घराचं लिहा. कुणाचं किती देणं आहे, त्याचा वर्षाचा दर किती, हप्ता कोणत्या तारखेला जातो. ठेवी कुठे आहेत, त्या बँकेत आहेत की पतसंस्थेत, नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लावलं आहे. विमा कुणाच्या आयुष्याचा आहे, कागद कोणत्या कपाटात आहेत. दागिने तारण असतील तर पावती कुणाकडे आहे. मग तो कागद नवऱ्याने बायकोपुढे, बायकोने नवऱ्यापुढे आणि दोघांनी मिळून कमावत्या मुला-मुलींपुढे ठेवा. त्यावर कुणाला प्रश्न पडले तर त्यांची उत्तरं त्याच बैठकीत द्या, आणि पुस्तक त्यानंतर वाचायला घ्या.